होकायंत्राशेजारचं लोहचुंबक

पनवेलहून माथेरानच्या डोंगराकडे निघालं की गाढी नदीच्या सोबतीने नेरे लागतं. शांतिवनामुळे गावाचं नाव महाराष्ट्राला ठाऊक आहे; अलीकडे फार्महाऊसांमुळे मुंबईकरांच्याही तोंडी आहे. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं, २५ डिसेंबरपासून प्रवासी विमानं उडू लागली, आणि या बाजूच्या रविवारच्या गप्पांना प्लॉट, पाणी आणि रस्ता यांच्या जोडीला चौथा विषय मिळाला. आता दारातच विमानतळ आलाय, तर एखादं चार सीटचं छोटं विमान घ्यायला काय हरकत आहे? (मोठ्या विमानांच्या गर्दीत त्याला उभं राहायला जागा कोण देणार, हे कुणी विचारत नाही.) इथपर्यंत ठीकच. स्वप्न बघायला पैसे पडत नाहीत.

पुढचं वाक्य मात्र महागात पडणारं आहे, आणि ते केवळ नेऱ्याच्या अंगणात बोललं जात नाही. हौशी वैमानिकांच्या वर्तुळात ते जगभर ऐकू येतं. ते असं: पॅनेलवरच्या त्या जुन्या घड्याळांचं आता काही राहिलेलं नाही. टॅबलेट अडकवला की वेग, उंची, दिशा सगळं समोर दिसतं. मग ती घड्याळं मुदतीगणिक उतरवा, तपासा, जुळवा, लॉगबुकात सही घ्या, ही नुसती कागदं रंगवायची कामं आणि इंजिनिअरची बिलं. फारच वाटलं तर स्क्रू ड्रायव्हर घ्यावा आणि आपलं आपण नीट करावं.

ऐकायला हे शहाणपणाचं वाटतं. त्यात नव्याची ओढ आहे, सरकारी कागदांविषयीची रास्त चीड आहे, स्वतःच्या हातावरचा विश्वासही आहे. फक्त विमान कशावर उडतं, एवढंच त्यात विसरलं गेलंय.

टॅबलेटवरचा जीपीएस खोटं बोलत नाही. तो जमिनीवरून आपण किती वेगाने सरकतोय ते सांगतो, आणि बहुतेक वेळा चोख सांगतो. पंखाला जमिनीशी देणंघेणं नसतं. त्याच्यावरून हवा किती वेगाने जातेय, एवढंच त्याला कळतं. सेस्ना १७२ हे जगात सर्वाधिक बनलेलं छोटं विमान घ्या. फ्लॅप पूर्ण उतरवलेले असताना त्याच्या पंखाची उचल सुटते ती चाळीस नॉटच्या आसपास. उतरण्याआधी हे विमान धावपट्टीला समांतर, वाऱ्याच्याच दिशेने उडत येतं आणि मग वळतं. पाठीमागून २० नॉटचा वारा आहे, कोकण किनाऱ्यावर जूनमध्ये यात काही विशेष नाही, आणि वैमानिक टॅबलेटवरचे ६५ नॉट बघून निवांत आहे. पंखावरून हवा जातेय ४५ नॉटने. आता तो वळायला लागतो. ४५ अंश कललेल्या विमानाची उचल सुटण्याची मर्यादा जवळजवळ एकपंचमांशाने वर सरकते, म्हणजे पन्नाशीला टेकते. ४५ नॉटवर, आठशे फुटांवर, पंख हात सोडतो. टॅबलेटवर तेव्हाही ६५ च दिसत असतात आणि ते बरोबरच असतात.

उंचीचंही तेच. अल्टीमीटरच्या पोटात पातळ धातूच्या, कडेला सुरकुत्या असलेल्या हवाबंद डब्या एकावर एक बसवलेल्या असतात. बाहेरचा दाब उतरला की त्या फुगतात, दाब वाढला की दबतात; तेवढी हालचाल दात्यांमधून काट्यापर्यंत जाते. म्हणजे अल्टीमीटर मुळात उंची मोजतच नाही, दाब मोजतो आणि उंचीच्या भाषेत बोलतो. म्हणून त्याच्या कडेला एक छोटी खिडकी आणि खाली एक खुंटी असते. त्या ठिकाणचा, समुद्रसपाटीला आणलेला त्या दिवसाचा दाब, म्हणजे क्यूएनएच, नियंत्रण कक्ष सांगतो आणि वैमानिक खुंटी फिरवून तो आकडा खिडकीत आणतो.

न आणला तर काय होतं, ते नेऱ्यातूनच मोजता येईल. समोर प्रबळगड उभा आहे, माथा सुमारे २,३०० फुटांवर. दाबातला प्रत्येक हेक्टोपास्कल खालच्या हवेत साधारण २७ फुटांचा फरक करतो. हिवाळ्यातला १०१३ चा आकडा खिडकीत तसाच राहिला आणि पावसाळी कमी दाबाच्या दिवशी खरा आकडा ९९८ असला, तर अल्टीमीटर चारशे फूट चढवून सांगणार. काट्यावर २,५०० फूट, म्हणजे प्रबळच्या डोक्यावरून दोनशे फूट मोकळे. प्रत्यक्षात विमान २,१०० च्या आसपास. कोकणातली उबदार हवा यात शंभरेक फुटांची भरपाई करून देते, तरीही ढगाआडचा डोंगर विमानापेक्षा उंचच राहतो. आणि ९९८ हा काही टोकाचा आकडा नव्हे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आलं, तेव्हा त्याच्या केंद्रातला दाब ९८४ च्या घरात होता.

इथे टॅबलेटवाले हसतात. आमचा जीपीएस थेट खरी उंची दाखवतो, खुंटी फिरवायची भानगडच नाही! बरोबर आहे, डोंगरासाठी तो उपयोगीही आहे आणि तो जवळ ठेवावाच. पण आकाशात आपण एकटे नसतो. दुसऱ्या विमानाला नियंत्रक जी उंची देतो ती दाबाच्या भाषेत. उन्हाळ्याच्या दुपारी पाच हजार फुटांवर खरी उंची आणि अल्टीमीटरची उंची यांच्यात तीनशे फुटांचा फरक सहज पडतो, दोन्ही यंत्रं ठणठणीत असताना. सगळे एकाच चुकीच्या फूटपट्टीने मोजत असतील तर त्यांच्यातलं अंतर बरोबर राहतं. एकानेच खरी फूटपट्टी आणली, तर टक्कर त्याचीच.

शिवाय जीपीएसचा संकेत हा शेवटी दूरवरून आलेला क्षीण रेडिओ संकेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्ली विमानतळाभोवती खोटे संकेत मिळाल्याच्या तक्रारी झाल्या आणि विषय संसदेपर्यंत गेला. मोठ्या विमानांनी इतर साधनांवर काम भागवलं, कारण त्यांच्याकडे ती साधनं चालू अवस्थेत होती.

आता त्या घड्याळांच्या देखभालीकडे. इथे विरोधकांचा सर्वांत आवडता मुद्दा येतो: काही बिघडलंच नाही तर तपासायचं काय? काटे हलतायत, दिवे लागतायत.

नेऱ्यातल्या कुठल्याही जुन्या घरात कुंभारीण ठाऊक आहे. बारीक कमरेची ही गांधीलमाशीची बहीण ओल्या मातीच्या गोळ्या आणते आणि सापडेल ते भोक लिंपते: कडीचं भोक, प्लगचं सॉकेट, नळाचं तोंड. आत कोळी किंवा अळ्या भरते, अंडं घालते, तोंड बंद करते. घरमालक चार दिवस गावाला गेला की परत आल्यावर कुलूप उघडत नाही. विमानाच्या पंखाखाली पुढे तोंड करून असलेली पिटो ट्यूब, कडीच्या भोकाएवढ्याच तोंडाची. समोरून येणाऱ्या हवेचा दाब ती एअरस्पीड इंडिकेटरला पोचवते. कुंभारणीच्या दृष्टीने ती तयार घर आहे.

६ फेब्रुवारी १९९६ ला डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या प्वेर्तो प्लाताहून बिर्गेनएअरचं बोइंग ७५७ उडालं आणि समुद्रात कोसळलं. १८९ जण गेले. विमान त्याआधी काही दिवस उभंच होतं, पिटो ट्यूबवर टोप्या घातलेल्या नव्हत्या. नळ्या समुद्रातून मिळाल्या नाहीत, त्यामुळे प्रत्यक्ष घरटं कुणी पाहिलं नाही; पण नळीत कुंभारणीने माती भरली असावी, हाच तपास करणाऱ्यांचा सर्वांत बळकट तर्क राहिला. कप्तानाचा वेगाचा काटा बंद पडला नव्हता, हे इथे महत्त्वाचं. तो हलत होता. नळी बंद झाली की आत कोंडलेली हवा तशीच राहते, बाहेरचा दाब चढण्याबरोबर उतरतो, आणि वेगाचं घड्याळ गुपचूप उंचीचं घड्याळ होऊन बसतं. विमान जसं चढतं तसा वेग वाढताना दिसतो. वैमानिक नाक वर करतो, खरा वेग उतरतो, काटा आणखी वाढतो.

म्हणजे 'काटे हलतायत' हा पुरावाच नाही. दिवा विझतो तेव्हा दिसतं तरी. ही घड्याळं बिघडतात ती सरळ चेहऱ्याने.

स्टॅटिक नळीची तपासणी एकदा जवळून पाहिली तर कागद रंगवण्याची भाषा बंद होईल. विमानाच्या अंगावर टाचणीएवढी भोकं असतात, बाहेरचा स्थिर दाब आत नेणारी. देखभाल करणारा इंजिनिअर, म्हणजे एएमई, त्या भोकाला रबरी अडॅप्टर चिकटवतो आणि टेस्ट सेटच्या झडपेतून हवा हळूहळू ओढू लागतो. हळूहळू याला कारण आहे. झटका दिला तर चढउताराचा वेग दाखवणारं नाजूक घड्याळ जागच्या जागी खलास. हँगरच्या फरशीवर उभ्या असलेल्या विमानाचा अल्टीमीटर चढायला लागतो: दोनशे, पाचशे, हजार. मग झडप बंद. आता कुणी बोलत नाही. एक मिनिट काट्याकडे बघायचं. अमेरिकी निकषानुसार छोट्या, केबिनमध्ये दाब न भरणाऱ्या विमानात तो मिनिटाला शंभर फुटांहून जास्त घसरता कामा नये. काटा घसरत राहिला तर पॅनेलमागे डोकं घालायचं, पाठीवर झोपून, पायांच्या पेडलांमध्ये. बहुतेकदा सापडतो तो उन्हाने कडक होऊन चिरलेला रबरी पाइप, किंवा मागच्या वेळी रेडिओ काढताना कुणीतरी ढिला करून तसाच सोडलेला नट. विमानात काहीच बिघडलेलं दिसत नव्हतं. नट मात्र ढिला होता.

मग तो लाडका उपाय, आपलं आपण नीट करण्याचा. पिटोमध्ये कचरा वाटला की हौशी माणूस काय करतो? फुंकर मारतो. १०० नॉट वेगाला हवेचा जो दाब नळीत तयार होतो तो अवघ्या साडेसोळा सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाइतका. दोनशे नॉटला, जिथे छोट्या विमानाची तबकडी साधारण संपते, तो सहासष्ट सेंटिमीटर. धडधाकट माणसाची जोरदार फुंकर याहून जास्त भरते. म्हणजे तोंडाने मारलेली फुंकर काट्याला तबकडीच्या पलीकडे फेकू शकते, आतली डबी वाकवू शकते. आणि वाकलेली डबी त्यानंतर वर्षानुवर्षं पाच-सात नॉट चढवून सांगत राहील. कॉम्प्रेसरची हवा मारणाऱ्याबद्दल न बोललेलं बरं. नळी आधी घड्याळापासून सोडवायची आणि मग उलट्या बाजूने साफ करायची, हे ज्याला माहीत असतं त्याच्या सहीचं ते बिल असतं.

'अमेरिकेत तर मालकच सगळं करतो' हेही ठोकून दिलं जातं. तिथे वैमानिक-मालकाला टायर बदलणं, ऑइल बदलणं, दिवे बदलणं अशा कामांची यादीच नियमात दिलेली आहे, हे खरं. पण त्याच नियमाच्या त्याच परिशिष्टात उपकरणाचं कॅलिब्रेशन आणि दुरुस्ती चक्क मोठ्या दुरुस्तीत मोडते. ढगांतून, उपकरणांच्या भरवशावर उडायचं असेल तर अल्टीमीटर आणि स्टॅटिक यंत्रणा दर २४ महिन्यांत तपासलेली असावीच लागते. घरी बांधलेल्या विमानालाही त्यातून सूट नाही. भारतात तर परवानाधारक एएमईच्या सहीशिवाय असं काम झालेलं विमान पुन्हा उडायला मोकळं होत नाही.

आणि शेवटचं हुकमी पान म्हणजे कॅप्टन अमोल यादव. मराठी माणसाने कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर सहा सीटचं विमान बांधलं, तर दुसऱ्याला एक घड्याळ का जुळवता येऊ नये? यादवांचं नाव घेणाऱ्यांनी त्यांची पुढची वर्षंही मोजावीत. विमान 'मेक इन इंडिया' सप्ताहात वांद्रे-कुर्ला संकुलात मांडलं गेलं ते फेब्रुवारी २०१६ मध्ये. डीजीसीएची नोंदणी मिळाली २०१७ च्या अखेरीस, आणि चाचणी उड्डाणाचा परवाना २०१९ मध्ये. चाचण्या झाल्या धुळ्याच्या धावपट्टीवर. सरकारी दिरंगाईवर यात टीका करायला भरपूर जागा आहे आणि ती झालीही. पण स्वतः प्रवासी विमानं चालवलेल्या या माणसाने परवान्याची वाट पाहिली, गच्चीवरून उतरवलेलं विमान थेट आकाशात नेलं नाही. हे उदाहरण स्क्रू ड्रायव्हरवाल्यांच्या पक्षाचं नव्हे.

खरं तर मुंबईला या विषयावर कुणी शिकवावं अशी वेळच यायला नको होती. १ जानेवारी १९७८ ची रात्र जुन्या वांद्रेकरांना आठवते. सांताक्रूझहून दुबईला निघालेलं एअर इंडियाचं 'सम्राट अशोक' हे जंबो जेट उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आत वांद्र्याच्या किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर समुद्रात कोसळलं. २१३ माणसं होती. कुणीही वाचलं नाही. विमानाने समुद्रावर उजवीकडे वळण घेतलं, मग सरळ व्हायला हवं होतं. कप्तानासमोरचं कृत्रिम क्षितिज, म्हणजे विमान किती कललंय ते दाखवणारं घड्याळ, मात्र उजवीकडे कललेलंच राहिलं. समोर काळा समुद्र, वर काळं आकाश, दोहोंमधली रेघ दिसायला काही नाही. ते घड्याळ सरळ करण्यासाठी कप्तान विमान डावीकडे कलवत गेला, आणि विमान आडवं होऊन त्याच्याही पलीकडे गेलं.

या अपघाताचा उल्लेख झाला की उत्तर तयार असतं: ती चूक कप्तानाची होती, यंत्राची नव्हे. भारतातल्या चौकशीने उपकरण बिघडल्यानंतर कप्तानाला विमानाच्या स्थितीचं भान राहिलं नाही असंच म्हटलं, आणि अमेरिकेतल्या खटल्यात १९८५ मध्ये विमान नि उपकरणं बनवणाऱ्यांवरचे आरोप न्यायालयाने फेटाळले. दोष कुणाचा, यावर वकिलांनी वर्षं घालवली. देखभालीच्या दृष्टीने वेगळाच धडा उरतो. त्या कॉकपिटमध्ये सहवैमानिकासमोर दुसरं क्षितिज होतं, शिवाय राखीव तिसरंही. फ्लाइट इंजिनिअरने कप्तानाला त्या घड्याळावर विसंबू नका असं सांगितलंही, पण हाती उरले होते मोजके सेकंद. जिथे तीन घड्याळं होती तिथे एकाच्या खोटेपणाला एवढी किंमत पडली. छोट्या खाजगी विमानात बहुधा एकच असतं.

ते एक कसं चालतं? जुन्या छोट्या विमानात इंजिनवर बसवलेला व्हॅक्यूम पंप पॅनेलमधून हवा ओढतो आणि त्या झोतावर भिंगरी मिनिटाला दहा हजारांहून जास्त फेरे घेत फिरते. हवा आधी एका फिल्टरमधून येते. धूळ, सिगारेटचा धूर, कोकणातल्या हँगरमधली बुरशी, सगळं त्याच फिल्टरमध्ये साचतं. पंपातली कार्बनची पाती झिजून एक दिवस न सांगता तुटतात. तेव्हा क्षितिज एकदम पडत नाही. भिंगरी हळूहळू मंदावते, क्षितिज हळूहळू कलतं, आणि वैमानिक त्याच्याबरोबर हळूहळू कलतो. पॅनेलच्या कोपऱ्यातल्या छोट्या सक्शन गेजकडे बघायची सवय आणि फिल्टर वेळेवर बदलणं, एवढ्या दोन कंटाळवाण्या गोष्टी इथे काम करतात.

देखभालीवरचा एक आक्षेप मात्र खरोखर वजनदार आहे, आणि तो टॅबलेटवाल्यांपेक्षा जुने मेकॅनिकच जास्त ठासून मांडतात: हात लावला की बिघडतं. २ ऑक्टोबर १९९६ ला लिमाहून निघालेल्या एअरोपेरूच्या बोइंग ७५७ ला कुंभारणीने काही केलं नव्हतं. विमान धुताना, पॉलिश करताना स्टॅटिक भोकांवर चिकटपट्टी लावली होती आणि ती काढायची राहिली. ७० जण गेले. देखभाल करणाऱ्यानेच विमान आंधळं केलं. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण यातून निघतं काय? उघड्या नळीला टोपी घालू नये, की तिला लांब लाल फीत लावावी आणि उडण्याआधी फीत हातात धरून मोजावी? २०१८ मध्ये ब्रिस्बेनहून एक मलेशियन विमान पिटोच्या टोप्यांसकट उडालं. त्या विमानतळावर कुंभारणींचा उपद्रव इतका आहे की तिथे टोप्या घालाव्याच लागतात. विमान सुखरूप उतरलं. त्या घटनेनंतर चर्चा झाली ती टोप्या काढल्याची खात्री नक्की कुणी करायची यावर. टोप्याच नकोत असं कुणी म्हटलं नाही.

जुनी भिंगरीची घड्याळं जपत बसावीत, असाही इथे आग्रह नाही. परवानगी असलेली इलेक्ट्रॉनिक क्षितिजं आज मिळतात, व्हॅक्यूम पंपापेक्षा ती भरवशाची आहेत, आणि ज्याला परवडतं त्याने बदलावीत. फक्त बदललं म्हणजे सुटलो, हा गैरसमज नको. काचेच्या पडद्यामागेही तीच पिटो आणि तीच स्टॅटिक नळी आहे. चित्र देखणं झालं, श्वास त्याच नाकपुडीतून. पडद्यावरची दिशा ज्या चुंबकमापकातून येते तो मुद्दाम पंखाच्या टोकाला किंवा शेपटीकडे, लोखंडापासून दूर बसवतात, आणि त्यालाही विमान गोल फिरवून जुळवावं लागतं.

जे.आर.डी. टाटांचं काय, असं कुणीतरी विचारतंच. १५ ऑक्टोबर १९३२ ला पस मॉथमधून कराचीहून टपाल घेऊन ते जुहूला उतरले, तेव्हा त्यांच्यापुढे कुठला आला भरगच्च पॅनेल? नव्हता. पण ते उडाले पावसाळा सरल्यावर, दिवसाउजेडी. पावसाळ्यात जुहूचं मैदान चिखलात गेलं की कारभार पुण्याला हलवावा लागे. साधी घड्याळं होती म्हणून मर्यादाही साध्या होत्या, आणि त्या पाळल्या जात. कमी साधनांत जास्त हवामान मागणं ही आजची हौस आहे.

राहता राहिली दिशा, आणि इथे टॅबलेट नुसता अपुरा नसतो, बाधतो.

दिशा दाखवणारी भिंगरी पृथ्वीबरोबर फिरत नाही, म्हणून ती सरकत जाते. नेऱ्याच्या अक्षांशावर, उत्तरेला १९ अंशांवर, नुसत्या पृथ्वीच्या फिरण्याने तासाला पाच अंश, आणि बेअरिंगच्या घर्षणाने वर आणखी काही. म्हणून दर पंधरा मिनिटांनी ती होकायंत्राशी जुळवायची. होकायंत्र म्हणजे काचेच्या मागे तेलात तरंगणारी एक तबकडी. वीज लागत नाही, पंप लागत नाही, बिघडायला फारसं काही नाही. त्याला एकच गोष्ट सोसत नाही. टॅबलेट डॅशबोर्डवर बसवायचा स्टँड आजकाल बहुधा लोहचुंबकाचा असतो, टॅबलेटच्या पोटातही लोहचुंबकं असतात, आणि डोळ्यासमोरची सोयीची जागा म्हणजे नेमकी होकायंत्राशेजारची.

रायगड जिल्ह्यात बसून हे कुणी करावं याचं विशेष वाटतं. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. शहरात विजेवर चालणारी ट्राम येणार असं ठरलं, तेव्हा तारांतल्या प्रवाहाने सुया हलतील हे ओळखून डॉ. नानाभाई मूस यांनी वेधशाळेचं चुंबकीय काम खाडीपलीकडे अलिबागला हलवलं. १९०४ पासून दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग अशा दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, जुन्या मापांना नवी मापं जोडता यावीत म्हणून. विजेची ट्राम मुंबईत धावली १९०७ मध्ये. तोवर उपकरणं समुद्राच्या या बाजूला येऊन बसली होती. त्या परंपरेतली भारतीय भूचुंबकत्व संस्था आज नवीन पनवेलला आहे, नेऱ्याहून बाजाराला जाताना लागणाऱ्या शहरात.

विमानाच्या होकायंत्राची जुळणी इतकी भव्य नसते. फरशीवर दिशा आखलेल्या मोकळ्या जागेत विमान नेतात, इंजिन चालू, रेडिओ चालू, सगळं उडताना असतं तसं. दर तीस अंशांवर थांबून फरक टिपतात. होकायंत्राच्या पोटाशी दोन बारीक स्क्रू असतात, एक उत्तर-दक्षिण, दुसरा पूर्व-पश्चिम. ते पितळी स्क्रू ड्रायव्हरने फिरवायचे, कारण पोलादी पुढे आणला की त्यालाच बघून तबकडी वळते. एवढं करूनही जो फरक निघत नाही तो एका छोट्या कार्डावर लिहून होकायंत्राखाली लावतात: ०९० ला जायचं तर ०९२ धरा, १८० ला १७९. काही कार्डांवर दोन ओळी असतात, एक रेडिओ चालू असतानाची, एक बंद असतानाची. टॅबलेटच्या स्टँडसाठी तिसरी ओळ अजून कुणी छापलेली नाही, आणि तो स्टँड दर रविवारी दोन बोटं इकडे-तिकडे लागत असल्याने छापून तिच्यात लिहायचं काय, हे एएमईलाही सांगता येणार नाही.